पेन्सिलीच्या खुणा

तिसरीच्या वर्गाची प्रगतिवही जाड होती, तपकिरी पुठ्ठ्याची, आणि उघडताना म्हाताऱ्याच्या गुडघ्यासारखी कुरकुरायची. छत्तीस मुलं, छत्तीस पानं. प्रत्येक पानावर सहा विषय आणि प्रत्येक विषयाला आठ चौकटी. आठ वर्षांच्या जिवाने एका वर्षात काय काय शिकायचं ते सगळं तिथे बारीक अक्षरांत छापलेलं. आधी न पाहिलेलं पान मोठ्याने वाचणे. स्वतःबद्दल पाच वाक्यं लिहिणे. हातच्याची वजाबाकी. घड्याळ. आपल्या वर्गाचा नकाशा. बी कसं रुजतं. सुरात सूर मिसळून गाणे. एका पायावर वीस म्हणेपर्यंत उभं राहणे. माणसं साठीला टेकतात तरी यातलं निम्मं त्यांना जमत नाही. पण वहीला हे सांगणार कोण?

ही वही अठरा वर्षं एकाच बाईंच्या हाताखाली होती. शाळेत गमतीने म्हणायचे, "मुलं चौथीत जातात, बाई मात्र दर वर्षी तिसरीत नापास!" बाई हसायच्या. त्यांना तिसरी आवडायची.

बाईंची एक सवय होती, ती कोणालाच ठाऊक नव्हती. वर्ष सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात, वर्ग रिकामा असताना, त्या पेन्सिल घ्यायच्या आणि सगळ्या चौकटींत बरोबरची खूण करून टाकायच्या. सगळ्या मुलांच्या, सगळ्या चौकटींत, अगदी फिकट. प्रत्येक पानावर मनात म्हणायच्या, 'देवा, याला हे येईल असं मी धरून चालते, पुढचं तुझ्या हाती.' मग वर्षभर, जसजसं ज्याला जे येईल, तसतशी त्या खुणेवरून शाई फिरवायच्या. शेवटी पेन्सिलीच्या काही खुणा उरायच्याच. त्या खोडरबराने पुसून पानाच्या तळाशी, शेऱ्याच्या जागेत, लिहायच्या: अमुक अजून यायचं आहे. वर्षानुवर्षं असं चाललं होतं आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

यंदा वर्ष संपायला पंधरा दिवस असताना बाईंना तापाने धरलं. आठ दिवस अंथरूण सुटलं नाही. वही टेबलाच्या खणात होती. पेन्सिलीच्या एकोणसाठ खुणा उरल्या होत्या. त्यांतल्या अकरा मुंगी या एकाच मुलीच्या.

नवव्या दिवशी, बुधवारी, बाई शाळेत आल्या आणि फाटकापाशीच थबकल्या. फाटकावर नवा फलक लागला होता. रंगाचा वास अजून येत होता. 'इयत्ता तिसरी. १७२८ पैकी १७२८. शंभर टक्के!'

बाईंना वाटलं, ताप अजून उतरलेला नाही.

कार्यालयात कारकूनकाका त्यांची वाटच पाहत होते. चार महिन्यांनी निवृत्त होणारा माणूस. पट्टी लावल्याशिवाय रेघ न ओढणारा, आणि कोणाचं काम अडलं की न सांगता करणारा.

"या बाई, या! चेहरा उतरलाय हो. काही काळजी करू नका, तुमची वही मी पुरी करून दिली."

"पुरी केली म्हणजे?"

"अहो, वर पाठवायची मुदत संपत होती. मोठ्या सरांनी वही मागितली. बघतो तर काय, काही खुणा पेन्सिलीच्या! सरकारी वहीत पेन्सिल चालते का? म्हटलं, बाई तापात पडल्यात, शाई फिरवायची राहून गेली असेल. बसलो आणि एकूण एक पुऱ्या केल्या. बघा, तुमची कुठली न् माझी कुठली, ओळखून दाखवा!"

बाईंनी वही उघडली. खरंच, ओळखू येत नव्हत्या. मुंगीच्या पानावर अठ्ठेचाळीस खुणा काळ्याभोर उभ्या होत्या, कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या.

"काय झालं बाई? पाणी देऊ?"

"नको काका," बाई म्हणाल्या. त्या माणसाच्या तोंडावर इतका आनंद होता की त्यावर काही बोलणं म्हणजे पाहुण्याच्या पानातून घास काढून घेणं.

मोठे सर म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग उठून दार लावलं. दार लागल्याचा आवाज बाईंना फार मोठा वाटला.

"बाई, ती वही वर जाऊन, नोंदून परतही आली. घराघरांत निकाल गेले. परवा, शुक्रवारी, तपासणीचे साहेब येणार आहेत, शंभर टक्के कसे झाले ते बघायला. आणि आज तुम्ही सांगता, एकोणसाठ खोट्या?"

"खोट्या नव्हत्या सर. पेन्सिलीच्या होत्या."

"सरकारी वहीत पेन्सिलीने लिहिलं कोणी? तुम्ही. त्यावर शाई कोणी फिरवली? काकांनी. खाली सही कोणाची? माझी. आता सांगा, कोणाला बुडवू? काकांना, चार महिने राहिले असताना?"

सरांचा आवाज खाली आला.

"हे बघा, बाकीच्या मुलांच्या अठ्ठेचाळीस खुणा किरकोळ आहेत, पोरं पुढच्या वर्षी धरून घेतील. अडचण त्या एका मुलीची. शुक्रवारी तिला बरं नसलं तर? मुलांना ताप येतोच की. तुम्हालाही आला होता."

मुंगीचं खरं नाव हजेरीपुरतंच. सगळे तिला मुंगी म्हणायचे, कारण ती हळू चालायची, हळू बोलायची आणि काही उचललं की सोडायची नाही. तिची आई कोपऱ्यावर कपड्यांना इस्त्री करायची. वर्षाच्या सुरुवातीला ती वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली होती, आत न येता.

"बाई, एक सांगू? मलाही असंच ढकललं पुढे. दर वर्षी पास, दर वर्षी पास. पाचवीपर्यंत गेले. सही येते, बाकी काही येत नाही. कपड्यावरची चिठ्ठी दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते. माझ्या पोरीला वाचता आलं तरच पुढे पाठवा. नाही आलं तर ठेवा मागे. मला राग नाही येणार."

"शब्द देते," बाई म्हणाल्या होत्या.

त्या बुधवारी घरी जाताना बाईंनी दुसरा रस्ता धरला, पण कोपरा काही चुकला नाही. इस्त्रीची वाफ बाजूला सारत मुंगीची आई धावत आली. हातात निकालाचा कागद, चारही कडांनी इस्त्री केलेला.

"बाई! मला वाचता येत नाही, पण बरोबरची खूण कळते हो! एक चौकट रिकामी नाही. देव तुमचं भलं करो. मी तर रडलेच."

बाई काही बोलायला गेल्या, तर घशातून खोकलाच आला.

"अगं बाई, तुम्ही अजून आजारी दिसता. जा, घरी जा आधी. पोरीसाठी इतकं करायचं आणि जिवाकडे बघायचं नाही?"

गुरुवारी शाळा सुटल्यावर बाईंनी मुंगीला थांबवून घेतलं. एका संध्याकाळात अकरा गोष्टी! समुद्र वाटीने उपसणाऱ्याला लोक वेडा म्हणतात. पण हातात वाटीच असेल तर माणसाने करावं काय?

"बस बाळ. आपण घड्याळ करू."

मुंगी बसली, पण पाटी काढेना. "बाई, मला येतं ना घड्याळ?"

"कोणी सांगितलं?"

"कागदावर लिहिलंय. आईने सांगितलं, तुला आता सगळं येतं. मग तुम्ही परत का शिकवता?"

भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. बाईंनी विचारलं, "बरं, किती वाजले?"

मुंगीने घड्याळाकडे पाहिलं. मग दाराकडे, मग बाईंच्या तोंडाकडे. पूर्वी ती अशा वेळी सरळ म्हणायची, 'नाही कळत बाई, परत सांगा.' वर्गात हे वाक्य ती दिवसातून दहादा म्हणायची आणि पोरं हसायची. आज तिने ते म्हटलं नाही.

"घरी जायची वेळ झाली," ती म्हणाली.

न येणं हा रोग नव्हता. त्यावर औषध होतं. पण 'येत नाही' म्हणायची वाटच बुजली, तर औषध द्यायचं कुठून?

"चल, वाचू या मग," बाई म्हणाल्या आणि पुस्तकाचं शेवटून दुसरं पान काढलं.

मुंगीने बोट ठेवलं आणि घडाघडा वाचायला लागली. एक ओळ, दुसरी, तिसरी. बाई चकितच झाल्या. क्षणभर वाटलं, देवाने ऐकलं! आठ दिवसांत पोर वाचायला शिकली! मग त्यांचं लक्ष बोटाकडे गेलं. तोंड पाचव्या ओळीवर होतं आणि बोट दुसऱ्या ओळीच्या मध्येच. वर्गातली पोरं आठवडाभर ते पान मोठ्याने वाचत होती; मुंगीने कानांनी सगळं उचललं होतं. उचललेलं ती सोडत नसेच.

"आलं ना बाई?" मुंगीने विचारलं. तिचे डोळे बाईंच्या तोंडावर खिळले होते.

"छान म्हटलंस," बाई म्हणाल्या. वाचलंस म्हणाल्या नाहीत.

आता खरी मेख इथेच होती. मुंगी आजारी पडायची गरजच उरली नव्हती. आठवडाभर अख्ख्या वर्गाने वाचलेलं तेच पान साहेब काढतील अशी तजवीज सर करतीलच. मुंगी ते म्हणेल, साहेब मान डोलावतील, काका सुखाने निवृत्त होतील, फाटकावरचा फलक उन्हात चमकत राहील. बाईंनी फक्त गप्प बसायचं. वाट अगदी मोकळी होती, आणि बाईंना तीच चारी बाजूंनी भिंत घातल्यासारखी वाटत होती.

घरी सासूबाई भाजी निवडत होत्या. जुन्या काळच्या, दोनच इयत्ता शिकलेल्या, पण बोलणं सुरीसारखं. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. पेन्सिलीचंही, पहिल्यांदाच.

"म्हणजे वर्षाच्या आरंभी तू देवाला सांगून टाकायचीस की झालं म्हणून?"

"तसं नाही हो. विश्वास ठेवायची."

"विश्वास मनात ठेवतात गं. वहीत ठेवतात ते वेगळं." सासूबाईंनी एक देठ मोडला. "पेन्सिलीचं पुसता येतं, म्हणून तू ते खोटं धरलं नाहीस. त्या बिचाऱ्या काकांनी काय केलं? तू लिहिलंस तेच गडद केलं."

"पण मी खरं सांगितलं तर सगळे बुडतील."

"आणि नाही सांगितलं तर?"

"एकटी मुंगी."

सासूबाई भाजीची परात पुढे सरकवून म्हणाल्या, "देव काही शाळेचा मुख्याध्यापक नाही, खाली सही करून मोकळा व्हायला. धर, निम्मी तू निवड."

शुक्रवारी साहेब आले. थकलेला माणूस, डोळ्यांखाली काळं, बगलेत फायली. त्यांनी वही चाळली, आणि सरांनी जिथे कागदाची पट्टी घालून ठेवली होती तिथेच पुस्तक उघडलं.

"कोण वाचेल? ही. चौथ्या बाकावरची."

मुंगी उठली. तिने बोट ठेवलं आणि पान म्हणून दाखवलं, एकही शब्द न चुकता, खड्या आवाजात. तोंडाने पान संपलं तेव्हा बोट सहाव्या ओळीवर होतं. साहेबांनी बोटाकडे पाहिलं नाही. सरांनी पाहिलं आणि लगेच छताकडे बघितलं. तिसरी नजर बाईंची होती.

"वा!" साहेब म्हणाले. "शाब्बास. बस."

मुंगी बसली. वर्गातलं एक पोर हळूच म्हणालं, "मुंगीला वाचता येतं!" आणि मुंगी हसली. अख्ख्या वर्षात ती अशी हसली नव्हती. बाईंना वाटलं, या हसण्यापुढे माझं खरं घेऊन काय करू?

चारचौघांत त्या पोरीचं हसू हिसकावून घेणं त्यांना जमणार नव्हतं, आणि ते त्यांनी केलंही नाही. "मुलांनो, मैदानावर चला," त्या म्हणाल्या. "एका पायावर वीस मोजा. नीट मोजा, मी येते." पस्तीस पोरं ओरडत बाहेर पडली, छत्तिसावी हळूहळू.

मग बाई साहेबांसमोर बसल्या. "साहेब, त्या मुलीला वाचता येत नाही. वहीतल्या एकोणसाठ खुणा चुकीच्या आहेत, आणि त्या माझ्या. मी पेन्सिलीने आधीच करून ठेवल्या होत्या. दोष माझा."

"बाई!" सर म्हणाले.

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. "तुम्ही हे सांगायला नको होतं. आता मी काय करू? वर गेलेल्या खुणा कमी करायचा आमच्याकडे छापील नमुनाच नाही. वाढवायचा आहे. कमी करायचा नाही."

"शेऱ्याची जागा रिकामी आहे ना?"

"ती रिकामीच असते," साहेब म्हणाले. "ती कोणी वाचत नाही."

"नाही वाचली तरी चालेल. लिहिलेली असू दे."

आणि बाई लिहायला बसल्या. शाईने. पहिलं पान: भागाकार अजून यायचा आहे. तिसरं पान: दिशा चुकतात. सातवं: सूर लागतो, शब्द विसरते. पेन्सिल आता दिसत नव्हती, पण बाईंना छत्तीसही पोरं तोंडपाठ होती. चहा आला, निवला, त्यावर साय धरली. कारकूनकाका दाराशी येऊन उभे राहिले. काय चाललंय ते त्यांना कळलं. बाईंनी मान वर केली नाही. प्रत्येक शेऱ्याखाली एकच सही होती, बाईंची.

मुंगीच्या पानावर अकरा गोष्टी लिहून झाल्या, तेव्हा साहेब उठत म्हणाले, "ही मुलगी मात्र चौथीत जाणार. वहीप्रमाणे ती उत्तीर्ण आहे. मागे ठेवायची तर पालकाचा सही केलेला अर्ज लागतो. असा अर्ज कोणी करत नाही."

दाराशी काका पुटपुटले, "मी कोणाचं भलं करायला गेलो की असंच होतं."

"तुम्ही काही केलं नाहीत काका," बाई म्हणाल्या. "माझंच अक्षर होतं."

संध्याकाळी बाई त्या कोपऱ्यावर आल्या. आता वाट वाकडी केली नाही. मुंगीच्या आईने ऐकलं. ऐकताना तिचा हात थांबला, आणि इस्त्रीखालच्या सदऱ्याचा जळका वास आला तेव्हा कुठे तिने इस्त्री उचलली. सदऱ्यावर तपकिरी डाग उमटला होता.

"म्हणजे खुणा खोट्या?"

"हो."

"मग मी रडले ते?"

बाईंनी घडी केलेला अर्ज पुढे केला. "तुमची सही लागेल. मुंगी तिसरीतच राहील, माझ्याकडे."

"सही येते मला," ती कडवट हसली. "तेवढंच शिकवलंय. पण आधी वाचून दाखवा. काय लिहिलंय ते कळल्याशिवाय मी सही करत नाही."

बाईंनी वाचलं, रस्त्यावर उभ्या राहून, येणाजाणाऱ्यांच्या देखत. 'माझ्या मुलीस वाचन, घड्याळ, वजाबाकी इत्यादी अकरा गोष्टी अवगत नसल्याने तिला त्याच इयत्तेत ठेवावे, ही विनंती.'

"यात सगळं माझ्या पोरीचंच न येणं लिहिलंय," ती म्हणाली. "तुमचं कुठे आहे?"

बाईंनी कागदाकडे पुन्हा पाहिलं.

"लिहा की ते पण. शाईने."

बाईंनी इस्त्रीच्या टेबलावर कागद ठेवला आणि लिहिलं: 'वर्गशिक्षिकेने येत नसताना येते असे लिहिले होते.' तेही वाचून दाखवलं. मग मुंगीच्या आईने लेखणी घेतली आणि एकेक अक्षर कोरत सही केली. कागद परत देताना म्हणाली, "मला राग येणार नाही, म्हणाले होते. आला आहे. पण माझ्या शाळेच्या वेळी मला हेही कोणी येऊन सांगितलं नव्हतं."

नवं वर्ष सुरू झालं. बाईंना लेखी खुलासा मागितला गेला, तो त्यांनी दिला. पुढचं काही कळत नव्हतं. मोठे सर कामापुरतं बोलत. कारकूनकाका निवृत्तीचे दिवस मोजत होते, आणि फाटकावरचा फलक तसाच होता. तो उतरवायचाही बहुधा नमुना नसावा. रोज सकाळी बाईंना त्याच्याखालून जावं लागे.

नवी वही आली, कोरी. बाईंचा हात खणातल्या पेन्सिलीकडे गेला आणि सवयीने पहिल्या चौकटीपर्यंत पोचलाही. मग त्यांनी पेन्सिल परत ठेवली. चौकटी रिकाम्या राहिल्या, आणि बाईंना त्या रिकामेपणाची भीती वाटली. देवाला काही सांगावं तर शब्दही सुचेनात.

मुंगी चौथ्याच बाकावर बसली होती, तिच्याहून लहान पोरांमध्ये. तिच्या बरोबरीची मुलं पलीकडच्या खोलीत गेली होती. त्यांचा पाढ्यांचा आवाज भिंतीतून येत होता. मुंगीने बाईंशी कट्टी घेतली होती. हजेरीलाही ती खिडकीकडे बघून 'हजर' म्हणे. पाच दिवस असंच गेलं.

सहाव्या दिवशी बाईंनी नवं पुस्तक तिच्यापुढे ठेवलं, एकदाही उघडलं न गेलेलं, पानांना पानं चिकटलेली. वर्गात हे कोणी अजून वाचलेलं नव्हतं. ऐकून उचलायला काहीच नव्हतं.

"वाच," बाई म्हणाल्या.

मुंगीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. पुस्तकाकडे पाहिलं. पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. ओठ हलले, थांबले. पलीकडे पाढा संपला आणि दुसरा सुरू झाला. बाईंच्या जिभेवर तो शब्द आला होता. सांगून टाकला असता तर दोघीही सुटल्या असत्या. त्यांनी दात आवळले.

"नाही कळत," मुंगी रागाने म्हणाली. "परत सांगा."

बाईंनी खाली पाहिलं. बोट त्याच शब्दावर होतं.